जागल

व्हायल फ्रीजमधून काढली तेव्हा सव्वादोन झाले होते.
हलवायची नाही. गरम पाण्यात धरायची नाही.
तळहातांत घेऊन बसायचं, आठ मिनिटं.
मी बसले.
वॉर्मरखाली रमशीला नेहारेची पोट्टी,
तिसावा आठवडा, अकराशे वीस ग्रॅम,
श्वासागणिक कण्हत होती,
फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

काचेबाहेर तिचा आजा, फागोजी.
सारा जन्म आखरावर गेला,
गावची दीडशे गुरं घंटीच्या आवाजावरून ओळखणारा माणूस.
"सिस्टर, हे दवाई कायची जी?"
थाप मारता आली असती.
"गायीची," म्हटलं. "तिच्या फुप्फुसातून काढतात."
बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला,
"कोनाच्या घरची होती?"
ते लेबलवर नव्हतं.

फुप्फुसात ओल असते, आणि ओल चिकटवते.
पत्रावळी लावताना भिजलेली पळसाची दोन पानं
एकमेकींना सोडत नाहीत, तसं.
सोडवायला एक स्निग्ध थर लागतो,
तो पसरवायला दोन प्रथिनं, बी आणि सी.
ती या बाटलीत आहेत.
ए आणि डी नाहीत.
बाटली भरायच्या आधीच ती निघून जातात.
नागपूरच्या ट्रेनिंगला मॅडम हे एका ओळीत सांगून
पुढच्या स्लाइडवर गेल्या.
मी त्याच ओळीवर राहिले.

कारण ए आणि डी म्हणजे जागल.
धान निसवलं की बांधावर माळा बांधून बसतात,
रानडुकरासाठी डबा बडवत, तशी.
फक्त इथं डबा नाही.
डीला चार हात, हातागणिक तीन मुठी.
अंधारात आलेल्याच्या अंगावरची साखर चाचपतो,
परका निघाला की धरतो,
दहा-वीस एकत्र मोळी बांधतो
आणि पेशींच्या हवाली करतो.
बुरशी, कोंडा, जे जे राइसमिलमधून
हिच्या बापाच्या केसांत बसून घरी येणार आहे, ते.

ए मात्र भोळा.
फुलांच्या जुडीसारखा, अठरा तोंडांचा,
टीबीच्या जंतूलाही हाताला धरून
पेशीच्या घरात नेऊन बसवतो.
बेत असतो त्याला तिथं मारायचा.
जंतू तिथंच चूल मांडतो.
त्याच जंतूला डी वेशीवर अडवू बघतो.
भाऊ-भाऊच हे, एकाच ओट्यावर झोपणारे.

फागोजीच्या गोळ्यांचा दुसरा आठवडा आहे.
म्हणून तो काचेबाहेर.
"म्हंजे माह्याच जागल्यानं दार उघडलं?"
असं तो म्हणाला नाही.
मीच त्याच्या तोंडी घातलं, सहाव्या मिनिटाला.

कुंपण मोडलं की हे जागले रक्तात वाहत येतात.
मोठ्या गावच्या लॅबमध्ये ते मोजतात म्हणे.
शेतात असायचा तो भर बाजारात दिसला
की समजावं, माळा पडला.
आमच्याकडे ती तपासणी नाही.
आमच्याकडे कान आहेत, आणि हा एक मॉनिटर,
लाइट गेली की दोन सेकंद विचार करणारा.

आठ मिनिटं.
डॉक्टर मडावींनी नळी घातली. पांढरट, दुधासारखं,
चार मिली, थोडं थोडं.
अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याऐंशी.
पुन्हा एक्क्याऐंशी, तेव्हा कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
एक्क्याण्णव.
पानं सुटली होती.
बाकीचं तिला स्वतः करायचं आहे.
ए आणि डी कुठल्याच फ्रीजमध्ये नसतात,
बोलायला लागायच्या कितीतरी आधी
तिलाच ती अक्षरं जमवायची आहेत.

पहाटे फागोजीनं विचारलं,
"एक आवाज देऊ का, इथूनच?"
कळपातून चुकलेल्या वासराला देतात तो.
मी म्हटलं, मास्क काढायचा नाही.
मास्कमधूनच त्यानं जीभ टाळ्याला लावून
बारीक टक् टक् केलं.
काच जाड आहे. तिला ऐकू गेलं नसणार.
मी रजिस्टरमध्ये लिहिलं, श्वास बासष्ट,
आणि पुन्हा एकदा मोजायला वाकले.